रमाकांतपंतांचा खडा

तात्यासाहेब दफ्तरदार चपला घालूनच घरात शिरले. त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी स्वयंपाकघरातून ते पाहिलं आणि त्या समजल्या, की धुमाळांनी आज नक्की काहीतरी केलंय. एरवी दुसरं कोणी चपला घालून आत आलं असतं, तर तात्यासाहेबांनीच त्याला हरिशंकरपुरम कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत परत पाठवलं असतं.

"तलवार!" सोफ्यावर आदळत तात्यासाहेब म्हणाले. "काचेची पेटी, खाली लाल मखमल, वरून लाइट. आणि पितळी पाटी, सरदार मानसिंगराव धुमाळ! मी विचारतो, वैद्यकाच्या दालनात तलवारीचं काय काम?"

"तलवार नाही हो बाबा, मुख्य वस्तू म्हणजे ते चिमटे आणि करवत," त्यांची सून स्मृती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली. "मानसिंगरावांच्या खांद्यातली गोळी त्याच चिमट्यांनी काढली होती. पण संभाजीराव म्हणाले, तलवार ठेवणार असाल तर चिमटे देतो."

"बघ! म्हणजे सौदा केला गृहस्थाने!"

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. शहरातल्या मेडिकल कॉलेजात ‘ग्वाल्हेरचा वैद्यकीय वारसा’ असं एक नवं दालन उघडणार होतं आणि त्याची सगळी मांडणी स्मृतीकडे होती. वैद्यकाचा इतिहास हा तिचा विषय, त्यातच तिची पीएचडी. लग्न ठरताना ‘मुलगी डॉक्टर आहे’ एवढंच ऐकून तात्यासाहेबांनी पटकन होकार दिला होता. ही डॉक्टर सर्दीवर गोळीसुद्धा देऊ शकत नाही, हे कळल्यावर ते जरा खट्टू झाले. पण माणूस मोठा खमक्या. पंधरवड्यात त्यांनी कॉलनीत सांगायला सुरुवात केली, "आमच्या सूनबाई साध्या डॉक्टर नाहीत. डॉक्टरांनी आजवर काय काय केलं, त्याचा हिशेब त्या ठेवतात."

आणि संभाजीराव धुमाळ म्हणजे तात्यासाहेबांचे परममित्र. परममित्र अशा अर्थाने, की दोघांना एकमेकांशिवाय करमत नसे आणि एकमेकांचं बरं झालेलं पाहवत नसे. दोन्ही घराणी दख्खनेतून एकाच फौजेबरोबर आली. धुमाळ घोड्यावर आले आणि दफ्तरदार बैलगाडीत, कागदांच्या गाठोड्यांवर बसून. तेव्हापासून आजपर्यंत समाजाच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं, याचा निकाल लागलेला नाही.

"सूनबाई," तात्यासाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला, "आपल्या घराण्याचं त्या दालनात काहीच नाही का गं?"

स्मृतीने लॅपटॉप मिटला. "एक आहे, बाबा. पण तुम्हाला आवडेल का, माहीत नाही. या शहरात क्लोरोफॉर्म देऊन जी पहिली शस्त्रक्रिया झाली ना, त्या हकिकतीत रमाकांत दफ्तरदार हे नाव आलंय. दवाखान्याच्या जुन्या छापील अहवालात."

तात्यासाहेब उभे राहिले. "रमाकांतपंत! माझे पणजोबा! सर्जन होते?"

"नाही. पेशंट होते."

तात्यासाहेब बसले.

"काय झालं होतं त्यांना?" वनमालाबाईंनी विचारलं.

"मुतखडा."

वनमालाबाईंनी तोंडाला पदर लावला. तात्यासाहेबांचा मुलगा पुष्कर ऑफिसला जायला निघाला होता, तो दारातच थांबला. "क्या बात है! धुमाळांकडे तलवार आणि आपल्याकडे मुतखडा. बाबा, पाटी जरा छोटीच करायला सांगा हं."

"हसू नकोस," स्मृती म्हणाली आणि तिचा आवाज असा काही चढला, की पुष्करने बूट घालायचे थांबवले. "त्या काळात हे ऑपरेशन कसं व्हायचं ठाऊक आहे? चार दांडगे लोक पेशंटला दाबून धरायचे आणि डॉक्टर कापायचा. क्लोरोफॉर्म नवीन आलं होतं, पण लोकांना वाटायचं, ते हुंगलं की जीव नाकातून निघून जातो. वॉर्डात छावणीतले शिपाईगडी होते. लढाईत उभे राहिलेले. ते सगळे नाही म्हणाले. मग दफ्तरातला एक किडकिडीत कारकून उठला आणि म्हणाला, मला द्या. स्वतःच्या पायांनी चालत टेबलापर्यंत गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने एकच गोष्ट मागितली. म्हणाला, इतकी वर्षं मी ज्याला पोसलं तो मला दाखवा. डॉक्टरने कोंबडीच्या अंड्याएवढा खडा चांदीच्या डबीत घालून त्याला भेट दिला. असा रिवाज होता तेव्हा."

तात्यासाहेबांची पाठ हळूहळू ताठ होत गेली. "शिपाई नाही म्हणाले?"

"हो."

"त्यात धुमाळ होते?"

"नावं दिलेली नाहीत, बाबा."

"असणारच," तात्यासाहेब म्हणाले. ते उठले, बाहेर जाऊन त्यांनी चपला नीट काढून ठेवल्या, पाय धुतले आणि अगदी वेगळाच माणूस होऊन आत आले. "सूनबाई, पेटी राखून ठेव. मानसिंगरावांच्या बरोबर समोर. पाटीवर लिही, रमाकांतपंत दफ्तरदार, पहिले पेशंट."

"पेटी ठेवते. पण नुसत्या पाटीला कोणी पेटी देत नाही, बाबा. खडा हवा. तो घरातच कुठेतरी असणार. सापडला नाही, तर त्या पेटीत मानसिंगरावांचं शिरस्त्राण ठेवायचं असं कमिटीने ठरवलंय."

झालं! त्या दिवसापासून तात्यासाहेबांना दुसरं काही सुचेना. धुमाळांची तलवार तर होतीच, आता समोर धुमाळांचंच शिरस्त्राण आणि मध्ये दफ्तरदार उघड्या डोक्याने उभे! घरातले माळे उतरले, पेट्या उघडल्या, पितळी डबे उलटे झाले. तुटके चष्मे निघाले, एका आत्याचे दुधाचे दात निघाले, पुष्करचं चौथीतलं प्रगतिपुस्तक निघालं आणि त्यावरून वेगळीच बोलाचाली झाली. खडा मात्र निघेना.

आता शहाण्या माणसाने खडा सापडेपर्यंत गप्प बसावं की नाही? पण तात्यासाहेब दुसऱ्याच दिवशी सकाळी दौलतगंजात जिलबी आणायला गेले आणि कढईपाशी उभ्या असलेल्या चार लोकांना पंतांचा पराक्रम सांगून आले. तिथे खडा अंड्याएवढाच होता. पण दौलतगंजातून निघालेली कोणतीही बातमी निघाली तेवढीच पोचलीय, असं आजवर झालेलं नाही. संध्याकाळी संभाजीराव मिशीला पीळ देत दारात हजर झाले.

"काय तात्यासाहेब, तुमच्या पंतांच्या पोटातून म्हणे नारळ निघाला?"

"खडा. नारळाएवढा असं मी म्हटलं नव्हतं."

"मग केवढा?"

इथे खरं तर अंडं म्हणायचं होतं. पण समोर धुमाळांची मिशी होती. "छोटा नारळ," तात्यासाहेब म्हणाले.

"अन् तेवढा ऐवज पोटात घेऊन माणूस दफ्तरात बसून लिहीत होता?"

"दफ्तरदार कामाच्या आड पोट येऊ देत नाहीत, संभाजीराव."

"मग दाखवा की!"

"उद्घाटनाला या. कलेक्टर, डीन, सगळ्यांसमोर दाखवतो."

"येतो. खानदानासकट येतो," असं म्हणत संभाजीराव चहा न घेता गेले. धुमाळ चहा न घेता जातात, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलेलं असतं.

बातमी फुटल्यावर मदतही येऊ लागली. समोरच्या सुमनताई प्लास्टिकची बाटली घेऊन आल्या. "आमच्या ह्यांचा आहे, मागच्या साली लेझरने काढलेला. तुकडे झालेत, पण फेविकॉलने जोडता येईल. नाव तुमच्या पंतांचंच घाला हो, आमची काही ना नाही. फक्त खाली बारीक अक्षरात ‘सौजन्य’ म्हणून ह्यांचं टाका."

तात्यासाहेबांनी बाटली उजेडात धरून जरा जास्तच वेळ पाहिली. स्मृतीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, मनातसुद्धा आणू नका. लोक मला विचारतील, हे कशावरून? माझं सगळं काम त्या एका प्रश्नावर उभं आहे. खोटा खडा ठेवला तर उद्या खरे पंतसुद्धा खोटे ठरतील."

तात्यासाहेबांना ते पटलं. माणूस बढाईखोर होता, लबाड नव्हता. त्यांनी बाटली सन्मानाने परत केली आणि शेवटचा उपाय म्हणून देवाला साकडं घालायचं ठरवलं.

दफ्तरदारांची पूजा म्हणजे शाळिग्रामाची पूजा. घराण्यात वरपासून चालत आलेला काळसर गुळगुळीत शाळिग्राम चांदीच्या डबीत असे. रोज त्याला स्नान, गंध, तुळशीचं पान, आणि मग घरातल्या सगळ्यांना तीर्थ. त्या सकाळी तात्यासाहेबांनी त्याच्यावर संथ धार धरली आणि डोळे मिटून मोठ्याने म्हणाले, "देवा, पणजोबांचा खडा सापडू दे. सापडला तर तुला चांदीचं सिंहासन करीन."

तीर्थासाठी स्मृतीने हात पुढे केला. तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि तिचं लक्ष ताम्हनात गेलं. गेली तीन वर्षं ती या देवाला नमस्कार करत होती, पण ओला, उजेडात आणि इतक्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता. एका कडेला टवका उडाला होता आणि त्या टवक्यात कांद्यासारखे थर दिसत होते.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "हा शाळिग्राम आपल्याकडे कोणी आणला?"

"पंतांनी. रमाकांतपंतांनी."

"कुठून?"

"गंडकीवरून असेल. शाळिग्राम तिथेच मिळतात."

"पंत ग्वाल्हेरबाहेर कधी गेले होते?"

"दफ्तर सोडून? छे! ते तर इथल्या इथे मुरारलासुद्धा..." तात्यासाहेब बोलता बोलता थांबले. हातातली झारी तशीच तिरपी राहिली आणि पाणी ताम्हनातून पाटावर, पाटावरून त्यांच्या सोवळ्यावर गेलं.

"जरा हातात देता?" स्मृतीने तो घेऊन तळव्यावर तोलून पाहिला. "शाळिग्राम जड असतो, बाबा. हा हलका आहे."

"स्मृती," वनमालाबाई म्हणाल्या, "तुला जे म्हणायचंय ते म्हणू नकोस."

पण शंका एकदा घरात आली की ती जेवायलाही थांबते. शेवटी वनमालाबाईंनीच तोडगा काढला, "काय ते एकदा बघून घ्या. पण देव माझ्या हातातून जाईल." रेशमी पातळ नेसून, धूतवस्त्रात गुंडाळलेला देव मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या आणि वरात मुरारला डॉक्टर अवंतिकाच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये पोचली. अवंतिका ही स्मृतीची मैत्रीण. ती आत होती आणि बाहेर काउंटरवर एक कर्तव्यदक्ष माणूस बसला होता.

"पेशेंट का नाम?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "शालिग्राम," पुष्कर म्हणाला.

"पूरा नाम बताइए."

"शालिग्राम दफ्तरदार."

"उमर?"

"होगी यही कोई डेढ़ सौ साल."

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. "भाईसाब, पीछे लाइन लगी है. मज़ाक मत कीजिए. पेशेंट है कहाँ?"

"ये रहे," वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरचं धूतवस्त्र उलगडलं. त्या माणसाने आधी हात जोडले आणि मग विचारलं, "इनको क्या तकलीफ़ है?"

एक्स-रेच्या खोलीत अंगावरचं धातूचं काही असेल तर काढा, असं सांगण्यात आलं. वनमालाबाईंनी देवाचा इवलासा चांदीचा टिळा काढून पदराला बांधला. बाहेर त्या पाठ भिंतीला लावून रामरक्षा म्हणत उभ्या राहिल्या. तात्यासाहेब येरझाऱ्या घालत होते.

डॉक्टर अवंतिका फिल्म घेऊन धावतच बाहेर आली. "काकू, काय सुरेख मुतखडा आहे हो! मधलं केंद्र, भोवती एकावर एक थर... मी असा फक्त पुस्तकात पाहिलाय. पण हा आणखी मोठा असणार मुळात. बराच झिजलाय."

परत येताना गाडीत देव पुन्हा वनमालाबाईंच्या मांडीवर होता. पडावचा चौक ओलांडल्यावर पुष्कर म्हणाला, "एक सवाल है. झिजलेला भाग गेला कुठे?"

तात्यासाहेबांच्या उजव्या हाताचा तळवा, ज्यावर जन्मभर तीर्थ घेतलं होतं, तो आपोआप मिटला. आज सकाळचं तीर्थ स्मृतीनेही घेतलं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

कसं झालं असेल हे, याचा उलगडा व्हायला काही अवघड नव्हतं. पंतांनी जीव वाचल्याच्या कृतज्ञतेने ती डबी देवघरात ठेवली असेल. त्यांना ठाऊक होतं, आत काय आहे. पुढच्यांना नव्हतं. आणि आपल्या घरांची रीत अशी, की देवघरात जे दिसेल त्याला सकाळी पाणी आणि गंध मिळतं, चौकशी होत नाही. त्यात गोलसर काळा दगड आणि चांदीची डबी! तूप, चंदन आणि उदबत्तीच्या धुराने बाकीचं काम केलं.

घरी पोचल्यावर वनमालाबाई मटकन खाली बसल्या. "अहो, घरचं एक वेळ सोडा. धुमाळांच्या तुळशीचं काय?"

तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंग उतरला. संभाजीरावांना मुलगी नव्हती. अंगणातल्या तुळशीलाच त्यांनी मुलगी मानलं होतं आणि दर कार्तिकात ते तिचं लग्न बँड लावून, पंगती उठवून करत. त्यांच्या घरात शाळिग्राम नव्हता, म्हणून नवरदेव जायचा तो दफ्तरदारांचा. फेटा बांधून तात्यासाहेब वरपिता म्हणून जात. वर्षभर भांडणारे संभाजीराव त्या दिवशी हात जोडून पुढे येत, नवरदेवाचे पाय धुवत आणि पाठवणीला खरोखर रडत.

"संपलं," तात्यासाहेब म्हणाले. "सूनबाई, ठेव त्या पेटीत धुमाळांचं शिरस्त्राण. यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. लोक हसतील. आणि संभाजीराव... तो तलवार पेटीतून काढून घेऊन येईल."

स्मृतीच्या सगळ्या संशोधनात हाती लागलेली ही सगळ्यात मोलाची वस्तू होती. पण ती सासऱ्यांच्या देवघरात होती. "तुमचा देव आहे, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही नेणार."

"का म्हणून नाही?" वनमालाबाई अचानक कडाडल्या. "अहो, लाज कशाची वाटते तुम्हाला? तुमचे आजोबा कधी जन्मले? या ऑपरेशननंतर! पंत त्या टेबलावर आडवे झाले नसते, तर ना तुमचे आजोबा, ना तुम्ही, ना हा पुष्कर. शिपाई मागे सरले आणि आपला माणूस पुढे गेला. पहिला डॉक्टर व्हायला शिक्षण लागतं, पहिला पेशंट व्हायला छाती लागते! इतकी वर्षं मी त्याला गंध लावलं ते वाया गेलं असं मला नाही वाटत. ज्याच्यामुळे घर उभं आहे, त्यालाच लावलं."

तात्यासाहेब बायकोकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या घराण्याचा अभिमान आपल्याहून जास्त कोणाला असू शकेल, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"पण देव असा पेटीत नाही बसायचा," वनमालाबाई पुढे म्हणाल्या. "आधी उत्तरपूजा करा. गणपतीला देतो तसा निरोप द्या." दुसऱ्या दिवशी रीतसर उत्तरपूजा झाली. दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता पडल्या, वनमालाबाईंनी डोळे पुसले आणि डबी स्मृतीच्या हातात दिली. "देव गेले. आता यात उरले ते पंत. जपून ने."

उद्घाटनाला सगळं मराठी ग्वाल्हेर लोटलं. फीत कापली गेली, आणि कुटुंबीयांच्या वतीने बोलायला तात्यासाहेब उठले. खडा अंड्याएवढाही उरलेला नाही, हे सगळ्यांना दिसतच होतं, तेव्हा नारळाचा विषय त्यांनी काढलाच नाही. पंतांची हकिकत सांगून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, पहिला डॉक्टर व्हायला शिक्षण लागतं, पण पहिला पेशंट व्हायला छाती लागते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वनमालाबाईंनी शेजारी बसलेल्या सुमनताईंना सांगितलं, "बोलतात हं चांगलं," आणि त्या मनापासून टाळ्या वाजवू लागल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा संभाजीराव पेटीशी वाकले होते. स्मृतीने पाटीवर खरं ते सगळं लिहिलं होतं. ‘दफ्तरदार कुटुंबाने हा खडा पिढ्यानपिढ्या देवघरात शाळिग्राम म्हणून पूजिला.’ संभाजीरावांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचली. त्यांची मान मागून लाल होत गेली.

"तात्यासाहेब. आमच्याकडे येतो, तोच हा?"

"तोच," तात्यासाहेब कसेबसे म्हणाले. आपण आणि तलवारीची पेटी यांत अंतर किती, हे त्यांनी नजरेने मोजून घेतलं.

"दरसाल मी ह्यांचे पाय धुतलेत."

"माहीत आहे मला. संभाजीराव, आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती हो. तुम्ही घातलेली ती सोन्याची साखळी आहे घरी, मी उद्याच परत..."

"परत?" संभाजीराव असे गरजले की कलेक्टरांनी वळून पाहिलं. "जावयाला घातलेलं कुणी परत घेतं होय? आमची काही रीतभात आहे का नाही?" ते पुन्हा पेटीकडे वळले. घसा खाकरला. "आमच्या मानसिंगरावांना चौघांनी दाबून धरलं होतं गोळी काढताना. ओरडणं म्हणे नदीपार ऐकू गेलं. घरात सांगतात, बाहेर नाही सांगत. अन् तुमचा माणूस आपल्या पायांनी चालत गेला." त्यांनी मिशीवरून उलटा हात फिरवला, तो डोळ्यांवरूनही फिरला. "पोरीला आम्ही घर बघून दिलं, तात्यासाहेब. चुकलो नाही."

तात्यासाहेबांनी संभाजीरावांचा हात घट्ट धरला.

एवढ्यावर थांबले तर ते धुमाळ कसले! पाच मिनिटांत त्यांनी पेटीचा ताबा घेतला. जो येईल त्याला अडवून सांगू लागले, "हे आमचे जावई. आता मेडिकल कॉलेजात असतात." पितळी पाटी कोणी वाचेना, सगळे संभाजीरावांभोवती गोळा. तात्यासाहेब ‘रमाकांतपंत माझे पणजोबा’ एवढं सांगायला पुढे झाले, की संभाजीराव त्यांच्या खांद्यावर हात टाकून लोकांना म्हणत, "अन् हे आमचे व्याही." शेवटी कार्तिकी एकादशीचं विचारायला त्यांनी थेट डीनसाहेबांनाच गाठलं.

"साब, देवउठनी ग्यारस पे हमारे दामाद जी को छुट्टी तो मिलेगी ना? घर में ब्याह है."

डीनसाहेबांना गर्दीत काही नीट कळलं नाही. आपल्याच एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल विचारताहेत असं समजून ते म्हणाले, "हाँ हाँ, क्यों नहीं. बस, अर्ज़ी भिजवा दीजिए."

त्या संध्याकाळी दफ्तरदारांच्या दिवाणखान्यात तात्यासाहेब जाड कागद घेऊन बसले आणि वळणदार अक्षरात त्यांनी ‘शालिग्राम दफ्तरदार’ या नावाने रजेचा अर्ज लिहिला. धुमाळ समोर बसून दुसरा चहा पीत होते. रजेचं कारण या ठिकाणी तात्यासाहेब क्षणभर थबकले, मग त्यांनी लिहिलं, ‘स्वतःचं लग्न’, आणि खाली दफ्तरदारांच्या ठसठशीत वळणात सही केली.